हात वर करण्याचे गुण

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ऑल्ड्रिच हॉलमध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बसायची जागा स्वतः निवडता येत नाही. साधारण नव्वद जणांची तुकडी अर्धवर्तुळाकार, पायऱ्यापायऱ्यांच्या वर्गात बसते. कोण कुठे बसणार हे शाळा ठरवते आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या नावाची पाटी असते, खाली उभ्या असलेल्या प्राध्यापकांना सहज वाचता येईल अशा ठळक अक्षरांतली. लॅपटॉप बंद. वर्गात आणखी एक व्यक्ती असते, जी ना विद्यार्थी ना शिक्षक. कोण काय बोललं याची टिपणं घेणं एवढंच तिचं काम. तास संपला की प्राध्यापक ही टिपणं पुढ्यात घेऊन गुण मांडायला बसतात, कारण अनेक विषयांत निम्म्यापर्यंत गुण वर्गात बोलण्याला असतात.

आपल्याकडच्या परीक्षापद्धतीत वाढलेल्या माणसाला हे काहीतरी अजबच वाटतं. आपल्या वर्गात बोलणाऱ्याला बाहेर उभं करायची पद्धत; आणि इथे गप्प बसणाऱ्याला नापासाच्या उंबरठ्यावर आणून ठेवतात. एमबीएचे नियम समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करायला हवी. हजेरी, श्रेणी, गटकार्य, प्रकल्प, कॉपीबंदी या सगळ्याची मुळं शोधत गेलं की आपण बहुतेक वेळा याच वर्गाच्या दारात येऊन पोचतो.

हार्वर्डची व्यवसायशाळा 1908 साली सुरू झाली आणि एमबीए ही पदवी तिथेच पहिल्यांदा दिली गेली. पण पहिली काही वर्षं शिकवायचं काय आणि कसं, याचाच घोळ होता. 1919 मध्ये वॉलेस डॉनहॅम डीन झाले. ते शिकलेले कायदा, त्याच विद्यापीठाच्या कायदेशाळेत. तिथे प्राध्यापक नियम सांगत नसत. खटला वाचून यायचा आणि वर्गात त्याची चिरफाड करायची, अशी रीत होती. डॉनहॅमनी तीच रीत धंद्याच्या शिक्षणात आणली. 1921 मध्ये जनरल शू कंपनी या बूट बनवणाऱ्या कारखान्यावरची पहिली ‘केस’ लिहिली गेली. पुढे केसचा साचाच ठरून गेला: दहा-वीस पानं, एक कंपनी, तिचा अडचणीत सापडलेला मॅनेजर, मागे आकडेवारीची परिशिष्टं, आणि शेवटी उत्तर नाही. उत्तर वर्गाने शोधायचं. प्राध्यापक फार तर फळ्यावर मुद्दे मांडणार आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या अंगावर सोडणार.

असा वर्ग चालायचा असेल तर नव्वदातल्या बहुतेकांनी केस वाचून यावं लागतं. पन्नास जण न वाचता आले तर तास होतच नाही, कारण शिकवायला प्राध्यापकांकडे वेगळं काही नसतं. विद्यार्थ्यांचं बोलणं हाच त्या दिवसाचा धडा. म्हणून बोलण्याला गुण. म्हणूनच तास सुरू होताना कुणाही एकाचं नाव घेऊन ‘तुम्ही सुरू करा’ म्हणायची प्रथा, जिला तिथे कोल्ड कॉल म्हणतात. वाचून न आलेल्याची फजिती व्हावी हाही हेतू त्यात आहे, नाही असं नाही. या व्यवस्थेत हजेरीचा वेगळा नियम जवळपास अनावश्यक ठरतो. जो आलाच नाही तो बोलणार कसा?

पण बोलण्याला गुण द्यायचे म्हणजे तराजू कुणाच्या हातात, हा प्रश्न येतोच. आणि हार्वर्डचा तराजू साधा नाही. तिथे शंभरपैकी अमुक असे गुण निकालपत्रात येत नाहीत. प्रत्येक विषयात वर्गातल्या वरच्या 15 ते 20 टक्क्यांना पहिली श्रेणी, खालच्या सुमारे 10 टक्क्यांना तिसरी, उरलेल्या सगळ्यांना दुसरी. नव्वदांच्या वर्गात तिसऱ्या श्रेणीचे नऊएक मानकरी निघणार हे तास सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं, मग सगळा वर्ग कितीही हुशार असो. पहिल्या वर्षात अशा तिसऱ्या श्रेण्या ठरावीक मर्यादेपलीकडे साठल्या की विद्यार्थ्याचं प्रकरण शैक्षणिक कामगिरी समितीपुढे जातं. विद्यार्थ्यांच्या बोलीत याला ‘स्क्रीनला धडकणं’ म्हणतात. समिती परिस्थिती ऐकून घेते, सवलत देते, किंवा शाळा सोडायलाही सांगते.

या सक्तीच्या वाटणीमागे विचार आहे. प्राध्यापक मंडळी सढळ हाताने गुण वाटू लागली की सगळेच अव्वल ठरतात आणि निकालपत्राला किंमत राहत नाही. वाटणी ठरलेली असली की त्या मोहाला जागा उरत नाही. तरी मला ही पद्धत अर्धीच पटते. हजारोंच्या परीक्षेत टक्केवारीने भाग पाडणं समजू शकतं. पण जगभरातून निवडून घेतलेल्या नव्वद जणांत खालून नववा आणि खालून दहावा यांच्यात फरक किती असणार? आणि त्या फरकातला निम्मा जर बोलण्याचा असेल, तर तो फरक मोजला कुणी आणि कशावरून?

हा प्रश्न शाळेलाही चुकवता आला नाही. 2010 मध्ये नितीन नोहरिया डीन झाले. ते आपल्या पवईच्या आयआयटीचे केमिकल इंजिनिअर. प्रवेश घेताना मुलामुलींची पात्रता सारखी, पण वर्षअखेर मुलींच्या श्रेणी खाली घसरलेल्या, आणि घसरण मुख्यतः वर्गातल्या सहभागाच्या गुणांत, असं चित्र त्या काळात शाळेपुढे होतं. हात वर करणाऱ्या दहा जणांत प्राध्यापकांची नजर कुणाकडे जाते, तास संपल्यावर आठवणीत कुणाचं वाक्य राहतं, हे सगळं त्या गुणांत उतरत होतं. मग वर्गात टिपणं घेणारी माणसं बसवण्यात आली, म्हणजे प्राध्यापकांना स्मरणावर विसंबून गुण द्यावे लागू नयेत. हात वर कसा करावा, मुद्दा कसा मांडावा याची तालीमही मुलींना दिली गेली. सुरुवातीला सांगितलेल्या त्या तिसऱ्या व्यक्तीच्या खुर्चीमागे एवढं रामायण आहे.

श्रेणीबद्दलची आणखी एक गंमत. काही नामांकित अमेरिकी शाळांत विद्यार्थ्यांनीच मतदान करून ठरवलं की नोकरी मागताना आपले ग्रेड कंपन्यांना सांगायचेच नाहीत. व्हार्टनमध्ये ही प्रथा 1994 पासूनची. हार्वर्डनेही काही वर्षं असा पडदा ठेवला आणि 2005 मध्ये तो काढायचं ठरवलं. पडद्याच्या बाजूचं म्हणणं असं की ग्रेड दाखवायचे नसले की विद्यार्थी अवघड विषय घ्यायला बिचकत नाही. बँकेतून आलेला माणूस बिनधास्त मानसशास्त्राचा विषय निवडतो. विरोधी बाजूला बहुतेक प्राध्यापक. त्यांची तक्रार सरळ होती: ग्रेड कुणी बघणार नाही म्हटल्यावर मुलं पार्ट्यांना जातात आणि केस वाचून येत नाहीत. दोन्ही बाजू खऱ्या असाव्यात असं मला वाटतं.

पुण्या-नाशिकहून अमेरिकेत एमबीएला जाणाऱ्याला मात्र या वादाआधी वेगळाच धक्का बसतो. आपल्याकडे साठ टक्क्यांना पहिला वर्ग मिळाला की घरी पेढे. तिथल्या पदव्युत्तर शिक्षणात चारपैकी तीन, म्हणजे सरासरी ‘बी’, ही अनेक विद्यापीठांत पदवी मिळण्याची किमान अट असते. ‘सी’ म्हणजे पास खरं, पण दोन-तीन सी आले की सरासरी तीनच्या खाली जाते आणि प्रोबेशनचं पत्र हातात पडतं. शिवाय विद्यार्थी-व्हिसावर असणाऱ्याला सत्रामागे पूर्णवेळ मानले जातील इतके श्रेयांक घ्यावेच लागतात. जड जातोय म्हणून एखादा विषय मध्येच सोडायचा, तर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारावं लागतं. स्थानिक विद्यार्थ्याला जो निर्णय फक्त अभ्यासाचा, तो याच्यासाठी देशात राहण्याचा होऊन बसतो.

श्रेणीची भीती वाढली की तिची सावत्र बहीण येते: फसवणूक. डोनाल्ड मॅकेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या 32 संस्थांमधल्या पाच हजारांवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांची पाहणी केली. ती 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या वर्षात कधी ना कधी गैरप्रकार केल्याचं व्यवस्थापनाच्या 56 टक्के विद्यार्थ्यांनी कबूल केलं. इतर शाखांत हा आकडा 47 टक्के होता. म्हणजे इतर शाखाही काही धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या, पण धंद्याचं शिकणारे पुढे होते खरे. ‘सगळेच करतात’ ही समजूत त्यामागचं मोठं कारण असल्याचं त्या संशोधकांना आढळलं.

पुढच्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाच्या फुक्वा शाळेत याचं प्रात्यक्षिक झालं. घरी नेऊन सोडवायची परीक्षा, पुस्तकं उघडायला मुभा, अट एकच: उत्तरं एकट्याने लिहायची. उत्तरपत्रिका एकमेकींसारख्या निघाल्या. पहिल्या वर्षाचे 34 विद्यार्थी दोषी ठरले. नऊ जणांना काढून टाकायचं ठरलं, पंधरा जणांना वर्षभर निलंबन आणि त्या विषयात नापास, उरलेल्यांना नापास श्रेणीवर सोडलं. इतक्या कडक शिक्षेमुळे देशभर चर्चा झाली. मला यातला पेच वेगळाच वाटतो. हीच शाळा आठवडाभर मुलांना गटात बसवून कामं करायला लावते, सहकार्याला गुण देते, आणि मग एका संध्याकाळी म्हणते, आता एकमेकांशी बोलायचं नाही. फसवणूक ती फसवणूकच, पण कुठल्या कामात मदत घ्यायची आणि कुठल्यात नाही ही रेघ एमबीएत जितकी पुसट, तितकी गणिताच्या किंवा इतिहासाच्या विभागात नसते. आता बहुतेक शाळा प्रत्येक गृहपाठावर तो एकट्याचा की गटाचा हे स्पष्ट लिहून देतात.

भारतात हे सगळं आलं ते जवळजवळ पॅकबंद स्वरूपात. 1961 मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद इथे आयआयएम स्थापन झाल्या. कलकत्त्याचा हात एमआयटीच्या स्लोन शाळेने धरला, अहमदाबादचा हार्वर्डने. अहमदाबादला केस आली, अर्धवर्तुळाकार वर्ग आला, वर्गातल्या सहभागाचे गुण आले. सहभागाला तिथली मुलं ‘सीपी’ म्हणतात, आणि मुद्दा नसताना निव्वळ गुणांसाठी तोंड उघडणाऱ्याच्या सीपीला ‘डेस्पो’ हे विशेषण जोडतात. लेखी विश्लेषणाचा ‘वॅक’ नावाचा विषयही आला. त्याचा अहवाल ठरल्या मिनिटाच्या आत जमा करायचा, एक मिनिट उशीर म्हणजे उशीरच. त्या शेवटच्या मिनिटांत लुई कानच्या विटांच्या इमारतीतून कागद हातात धरून धावणारी पोरं आणि त्यांना बघायला जमलेले सिनियर, हा प्रकार ‘वॅक रन’ नावाने संस्थेची परंपराच होऊन बसला. मुदत पाळायला शिकवणारा नियम आणि त्याची जत्रा, दोन्ही एकाच वेळी.

सापेक्ष श्रेणीही आली. इतरांच्या तुलनेत आपली जागा ठरणार म्हटल्यावर माणूस काय करतो, याचं उत्तर आयआयएमच्या बोलीत सापडतं: ‘आरजी मारणं’. मूळ शब्द रिलेटिव्ह ग्रेडिंगची आद्याक्षरं, अर्थ मात्र दुसऱ्याला मागे ओढून आपण पुढे जाणं. ग्रंथालयातलं पुस्तक दडवणं, ‘उद्याच्या टेस्टसाठी तो धडा नाहीये रे’ असं खोटंच सांगणं, हे त्याचे ठरलेले नमुने. अशी कृत्यं जितकी सांगितली जातात तितकी होत नसावीत. पण ज्या नियमाने गैरवागणुकीला स्वतंत्र क्रियापद मिळवून दिलं, त्याच्याकडे जरा संशयाने बघायला हरकत नाही.

याच आयआयएम पाच दशकांहून अधिक काळ एमबीए देतच नव्हत्या, हे अनेक पालकांना आजही ठाऊक नसतं. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांचा; या संस्था विद्यापीठ नव्हत्या, म्हणून त्या पदविका देत. 2017 चा आयआयएम कायदा 31 जानेवारी 2018 पासून लागू झाला आणि तेव्हापासून त्यांना पदवी देता येऊ लागली. खासगी संस्थांचा पीजीडीएम मात्र अजूनही पदविकाच आहे. तो वाईट असतो असं मुळीच नाही, पण पुढे पीएचडी करायची किंवा सरकारी नोकरीत पदवीची अट असेल तर त्या पदविकेला समकक्षता आहे का, हे प्रवेशाआधीच बघून ठेवावं.

आता घराकडे. महाराष्ट्रात एमबीएचा किंवा मुंबई विद्यापीठाच्या एमएमएसचा रस्ता सीईटी सेलच्या परीक्षेतून आणि कॅप फेऱ्यांतून जातो. किमान तीन वर्षांची पदवी, तीत 50 टक्के, महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना 45. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात प्रवेशाच्या महिन्यात सगळ्यात जास्त झोप उडवतात ती जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअरची प्रमाणपत्रं. सीईटीत उत्तम पर्सेंटाइल असूनही वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती नाही म्हणून खुल्या जागेतून आणि पूर्ण फी भरून प्रवेश घ्यावा लागलेली मुलं दर वर्षी भेटतात. अमेरिकेत विद्यार्थी व्यवसायशाळेसाठी निबंध पुन्हा पुन्हा लिहीत बसतो. आपला विद्यार्थी त्याच काळात सेतू केंद्राच्या रांगेत असतो.

प्रवेश झाला की येते हजेरी. 75 टक्के. हा आकडा बहुतेक विद्यापीठांत सारखाच, आणि तो पाळण्याची रीतही. सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागते. मग डॉक्टरांचे दाखले येतात, पालकांना बोलावणं जातं, पुढच्या सत्रात असं होणार नाही अशी हमीपत्रं लिहून घेतली जातात, आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत यादी वितळून दोन-तीन नावांवर येते. त्या दोन-तीन जणांच्या घरच्यांची कुठे ओळख नसते, एवढाच त्यांचा दोष.

नियम तोच, ‘वर्गात या’. पण त्याला आधार देणारी गोष्ट इथे नाही. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स एवढ्यावर विषय सुटत असेल, तर वर्गात न आलेल्याचं काय बुडतं? पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमात पूर्ण विषयाचे निम्मे गुण सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाला दिले. केस, सादरीकरण, चाचणी, काय घ्यायचं ते शिक्षकांनी ठरवायचं. रचना चांगली आहे. पण एका शिक्षकावर तीन विषय आणि वर्गात साठ मुलं असली की त्या पन्नास गुणांचं रूपांतर सबमिशनच्या गठ्ठ्यात होतं, आणि गठ्ठ्यातली पहिली फाईल वाचली की बाकीच्या वाचल्यासारख्याच. हजेरीच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात, घरातलं पहिलंच पोर एमबीएला आलेलं असताना, हा नियम विद्यार्थ्याइतकाच शिक्षकांनाही वर्गात आणतो. मुलं आहेत म्हटल्यावर तास घ्यावा लागतो. तो काढून टाका म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या कॉलेजकडे बघून मत बनवू नये.

केटीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. राहिलेला विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्षात जाता येतं, ही आपल्या पद्धतीतली दयाळू सोय आहे. तिची मर्यादा विद्यापीठागणिक आणि पॅटर्नगणिक बदलते, म्हणून सिनियरच्या सांगण्यावर न जाता आपल्या बॅचचं परिपत्रक वाचावं. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या मात्र चालू बॅकलॉग असलेल्याला अर्जच करू देत नाहीत. विद्यापीठाची दया प्लेसमेंट सेलच्या दारापर्यंतच चालते.

खरी गंमत आहे ती ‘सिप’मध्ये, म्हणजे उन्हाळी प्रकल्पात. दुसऱ्या सत्रानंतर साधारण आठ आठवडे एखाद्या कंपनीत काम करायचं, अहवाल लिहायचा, आणि तोंडी परीक्षा द्यायची. मुंबईत या अहवालाला ब्लॅक बुक म्हणतात: काळं कापडी बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत कंपनीच्या लेटरहेडवरचं प्रमाणपत्र आणि गाईडची सही. ग्राहक समाधान या विषयावर शंभर जणांची प्रश्नावली, तिचे पायचार्ट आणि ‘जाहिरात वाढवावी’ अशी शिफारस, या साच्यातले अहवाल कॉलेजच्या कपाटात वर्षानुवर्षं एकमेकांना टेकून उभे असतात. सिनियरची सॉफ्ट कॉपी घेऊन कंपनीचं नाव बदलणं ही तर उघड रीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ. दहा ते चाळीस असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचं, त्याला जास्तीत जास्त सहा महिने. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करता येणार नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सामान्य साम्य धरायचं नाही, इतका बारकावाही त्यात आहे. पण यंत्र शब्द मोजतं. विद्यार्थ्याने वाक्यं फिरवली किंवा हल्ली एखाद्या एआयकडून ती फिरवून घेतली की अहवाल आठ टक्क्यांवर येतो आणि नियमाच्या दृष्टीने निर्मळ ठरतो, मग तो कंपनीत एक दिवसही गेला नसला तरी.

म्हणून या सगळ्या व्यवस्थेत मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो तोंडी परीक्षेचा. अर्थात परीक्षकाने ती मनापासून घेतली तरच, कारण दिवसाला चाळीस जण उरकायचे असतील तर ‘तुमचा विषय काय? बरं, या’ एवढ्यावर ती आटोपते. चांगला परीक्षक ब्लॅक बुक उघडत नाही. तो विचारतो, तुम्ही रोज कुणाला रिपोर्ट करत होता? त्या माणसाला सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची होती? तुमच्या शंभरातल्या कुठल्या ग्राहकाने तुम्हाला हाकलून दिलं? खरोखर दुकानोदुकानी फिरलेली मुलगी यावर दहा मिनिटं थांबत नाही. डीलर मार्जिन, एक्सपायरी झालेल्या मालाची परतफेड, उधारी, सगळं सांगते, आणि तिच्या अहवालात यातलं एक अक्षरही नसतं, कारण गाईडने पायचार्ट मागितले होते.